राडा: चिखल, मारामारी की टाळ्या?

शब्दवेल्हाळ

‘राडा’ हा शब्द सध्या तीन ठिकाणी तीन अर्थांनी वाचायला मिळतो.

महापालिकेची पाटी: ‘नदीपात्रात राडारोडा टाकण्यास मनाई आहे.’
वर्तमानपत्राचा मथळा: ‘मिरवणुकीत दोन गटांत राडा, चौघे जखमी.’
कॉलेजच्या पोरांचं बोलणं: ‘काल आपल्या एकांकिकेनं राडा केला राव!’ म्हणजे एकांकिका खणखणीत झाली, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली.

बांधकामाचा कचरा, मारामारी आणि शाबासकी, तिन्ही एकाच शब्दात. माझ्या मते हा एकच शब्द आहे आणि त्याचा प्रवास असा: चिखल → घाण, पसारा → गोंधळ → मारामारी → दणक्यात झालेली गोष्ट. मधली एकही पायरी उडी मारून ओलांडलेली नाही. लहान मूल दूध सांडतं तेव्हा ‘राडा केलास’ म्हणतात, आणि तिथेच चिखलाला पहिल्यांदा ‘करणारा’ मिळतो. पाऊस राडा करत नाही, पावसानं राडा होतो. माणूस मात्र राडा करतो. एकदा करणारा आला की पुढे भांडणापर्यंत जायला वेळ लागत नाही.

प्रश्न दोन. तुमच्या भागात हा शब्द कोणत्या अर्थानं आणि कोणत्या क्रियापदासोबत वापरतात? आणि कोशात नोंद करायची तर अर्थ किती आणि कोणत्या क्रमानं?

कृष्णाकाठ

सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे चिखलाचा अर्थ अजून ठणठणीत आहे. आमच्याकडे शब्द दोन आहेत, दोन्ही वेगळे धरा.

राड (ती): पायाखाली पचपचणारा पातळ चिखल. ‘वळवाचा पाऊस झाला आन् वाटंला नुसती राड झालीया.’
राडा (तो): चिखल अधिक त्यात मिसळलेलं बाकी सगळं. गोठ्यातलं शेण, मूत, वैरणीचा चुरा आणि पाणी एकत्र कालवलं की तो राडा. ‘गोठ्यात राडा झालाय, आधी खराटा मार.’

धुळवडीला चिखल उडवतात त्याला ‘राड खेळणं’ म्हणतात, ‘राडा खेळणं’ नाही. तेव्हा तुमच्या साखळीत एक दुरुस्ती. राडा मुळातच ‘कालवाकालव’ आहे, निव्वळ चिखल नव्हे. त्यामुळे पसाऱ्याच्या अर्थाकडे जायला त्याला काही पल्ला गाठावाच लागला नाही, तो अर्थ पोटातच होता.

गिरणगावकर

मुंबईत राडा म्हणजे भांडण, असं सरसकट लिहू नका. भांडणाच्या पायऱ्या असतात आणि जुना मुंबईकर त्या चुकवत नाही. तोंडातोंडी झाली तर बाचाबाची. एकेरीवर आलं तर हमरीतुमरी. कॉलर धरली तर झटापट. हात उठला तर हाणामारी. राडा त्याच्या वर, आणि दंगल त्याच्याही वर.

राडा म्हणायला तीन गोष्टी लागतात. दोन गट हवेत, दोन माणसं नव्हे. जागा चारचौघांतली हवी: नाका, मैदान, मंडप, सभागृह. आणि काहीतरी मोडलेलं, फुटलेलं, उलथलेलं हवं. खुर्च्या फेकल्या, काचा फुटल्या, बॅनर फाडले. घरात नवरा-बायकोचं कितीही वाजलं तरी त्याला जुन्या बोलीत राडा म्हणत नाहीत.

हे तिसरं लक्षण मला महत्त्वाचं वाटतं. मोडतोड झालेली जागा नंतर दिसते कशी? राडा झाल्यासारखीच. म्हणजे शब्द आधी जागेच्या अवस्थेला लागला आणि मग ती अवस्था करणाऱ्या घटनेला.

सायली_प

मथळ्यांनी या शब्दाला मोठं केलं, हेही जोडा. एका स्तंभाच्या मथळ्यात अक्षरं मोजून बसवावी लागतात. ‘हाणामारी’ चार अक्षरं, ‘धक्काबुक्की’ चार आणि वर दोन जोडाक्षरं, ‘राडा’ फक्त दोन. शिवाय ‘दंगल’ लिहिलं तर जातीय दंगलीचा वास येतो आणि वाचक घाबरतो. ‘मारामारी’ शाळकरी वाटते. बातमीदाराला मधल्या वजनाचा शब्द हवा होता, तो इथे मिळाला.

फौजदारीपेठ

पण फिर्यादीत हा शब्द चालत नाही. तिथे लिहितात ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’. त्यासाठी पाच किंवा अधिक माणसं लागतात. त्या मंडळीनं बळाचा वापर केला की दंग्याचं कलम लागतं: पूर्वी भारतीय दंड संहितेचं १४७, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १९१. दोनच माणसं सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता बिघडवत असतील तर कलम वेगळं, पूर्वीचं १६० आणि आताचं १९४.

म्हणजे गिरणगावकरांनी सांगितलेला राडा या दोन कलमांच्या मध्ये कुठेतरी बसतो. एकच घटना बातमीत ‘राडा’ असते आणि फिर्यादीत ‘गैरकायद्याची मंडळी’. दाखले गोळा करणाऱ्यानं दोन्ही कागद समोरासमोर ठेवले तर बोलीतल्या शब्दाची व्याप्ती नेमकी कळते.

अनुस्वार

मला मूळ मांडणीच मान्य नाही. मारामारीचा ‘राडा’ चिखलातून आला हे गृहीत कशावरून?

हिंदीत ‘रार’ म्हणजे भांडण, ‘रार ठानना’ हा रुळलेला वाक्प्रचार आहे. राजस्थानीत ‘राड़’ म्हणजे भांडण, लढाई. गुजरातीत ‘राड’ म्हणजे आरडाओरडा, ‘राड पाडवी’ म्हणजे किंकाळी फोडणं. आणि संस्कृतात ‘राटि’ म्हणजे युद्ध. भांडणाचा अर्थ तयार असलेला शब्द शेजारच्या तीन भाषांत आहे आणि त्या तिन्ही भाषा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जातात. असं असताना चिखलापासून पायऱ्या चढत भांडणापर्यंत येण्याची गरज काय? सरळ उसना घेतलेला शब्द आहे. चिखलाचा राडा वेगळा, भांडणाचा वेगळा. उच्चार सारखा पडला, इतकंच.

कोशात अशा वेळी दोन स्वतंत्र नोंदी करतात: राडा १, राडा २.

शब्दवेल्हाळ

अनुस्वार, हरकत वजनदार आहे. पण लिंगाचं काय? राड़, राड दोन्ही स्त्रीलिंगी. मराठीत उसना शब्द आला असता तर ‘राड झाली’ म्हणाले असते. ‘राडा झाला’ कुठून आलं?

अनुस्वार

झगडा, लफडा, रगडा. भांडणाच्या आणि कटकटीच्या शब्दांचं हे आकारान्त पुल्लिंगी कुटुंब मराठीत आधीपासून आहे. नवा शब्द त्या घरात आला की त्या घराचे कपडे घालतो. शिवाय ‘राड’ ऐकायला एका शिवीच्या फार जवळ जातो, चारचौघांत बोलायला अवघड. लोक ‘राडा’ म्हणायला लागले यात नवल नाही.

नोंदवही

राडा शब्दावरून राडा नको 🙂 दोन्ही पक्षांचं म्हणणं तपासता येतं. चाचण्या अशा आहेत.

पहिली, मोजणीची. चिखलाचा राडा मोजता येत नाही. ‘दोन राडे’ म्हटलं की कोणीही चिखलाचे दोन ढीग समजत नाही, दोन मारामाऱ्याच समजतो. पसाऱ्याच्या अर्थालाही अनेकवचन नाही: ‘स्वयंपाकघरात राडे केले’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे शब्दाला अनेकवचन मिळालं ते मारामारीच्या अर्थात आल्यावर. जुन्या छापील मजकुरात ‘राडे’ हे रूप कधीपासून दिसतं ते शोधा, नुसत्या ‘राडा’ या रूपापेक्षा ते कितीतरी जास्त सांगेल.

दुसरी, शेपटाची. ‘राडेबाज’, ‘राडेबाजी’ ही रूपं फक्त मारामारीची. ‘बाज’ हा प्रत्यय सवयीनं काही करणाऱ्याला लागतो: नखरेबाज, धोकेबाज. उलट ‘राडारोडा’ हा जोडशब्द फक्त कचऱ्याचा. आणि ‘राड्याप्रकरणी’ दिसलं की पुढे ‘गुन्हा दाखल’ येणारच.

तिसरी, अदलाबदलीची. प्रत्येक वाक्यात राडा काढून चिखल, पसारा, मारामारी, धमाल हे चार शब्द एकेक करून घालून बघा. ‘अंगणात राडा झालाय’ इथे पहिले दोन बसतात. ‘दोन गटांत राडा’ इथे फक्त मारामारी. पण ‘लग्नात पोरांनी राडा घातला’ इथे पसारा, मारामारी, धमाल तिन्ही बसतात. अशी वाक्यं म्हणजे अर्थाचे पूल. अर्थ सरकतो तो अशाच वाक्यांतून, कारण बोलणारा एक अर्थ मनात धरतो आणि ऐकणारा दुसरा घेऊन जातो, तरी बोलणं अडत नाही.

अनुस्वार यांचं म्हणणं खरं असेल तर मुंबईच्या जुन्या वापरात अशी पुलाची वाक्यं मिळायला नकोत, मारामारीचा अर्थ एकदम स्वच्छ दिसायला हवा. शब्दवेल्हाळ बरोबर असतील तर पुलाची वाक्यं आधी आणि स्वच्छ वाक्यं नंतर असा क्रम लागायला हवा.

वऱ्हाडी_बोलीघर

आमच्याकडे चिखलाले गारा म्हणतात. ‘पाण्यानं सारा गारा झाला.’ पश्चिमेकडच्या लोकांना वाटंल आभाळातून पडल्या! राडा हा शब्द विदर्भात बातम्यांतून आणि शिनेमातून आला आणि तो आला तोच भांडणाचा. म्हणून इकडे पुलाची वाक्यं मिळत नाहीत, आणि ती मिळत नाहीत याचा अर्थ शब्द दुसरा आहे असा नाही. नोंद करताना प्रदेश लिहाच.

नोंदवही

फार कामाची गोष्ट सांगितलीत. शब्द तयार अर्थ घेऊन दुसऱ्या भागात गेला की मधल्या पायऱ्या मागेच राहतात. वऱ्हाडातल्या दाखल्यांवरून व्युत्पत्ती ठरवायची नाही, फक्त प्रसार ठरवायचा.

मांडवीतीर

चिखलाचा विषय निघालाच आहे म्हणून. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढ शुद्ध द्वादशीला चिखलकालो होतो. माणसं अंगाला तेल लावून चिखलात खेळतात, लोळतात, एकमेकांना ओढतात. कृष्णाच्या बाळखेळांचं ते रूप. तिथे ‘राडा’ हा शब्द नाही, पण एक गोष्ट ध्यानात येते. चिखल, झटापट आणि आनंद हे तिन्ही एकाच जागी सुखानं नांदतात. कृष्णाकाठ यांनी सांगितलेलं राड खेळणंही तसलंच. तेव्हा शेवटचा, कौतुकाचा अर्थ मारामारीतूनच आला असं का धरायचं? खेळातल्या चिखलातून थेट येऊ शकतो.

तालीमघर

येऊ शकतो असं वाटतं खरं, पण वापर तसं सांगत नाही. कौतुकाच्या राड्याचं व्याकरण बघा.

क्रियापद बहुतेक वेळा ‘करणे’. कर्ता नट, गायक, ढोलपथक, एखादं गाणं किंवा एन्ट्री. जागा दाखवणारा शब्द जवळ असतो: ‘स्टेजवर राडा केला’, ‘फायनलला राडा केला’. म्हणजे मारामारीच्या वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा, फक्त गटाच्या जागी कलाकार आणि फुटलेल्या खुर्च्यांच्या जागी टाळ्या. चिखलाच्या वाक्याचा सांगाडा (‘अमक्यानं तमक्या ठिकाणी राडा झाला’) इथे लागत नाही.

पुढची पायरी अजून नवी आहे. ‘राडा एन्ट्री’, ‘राडा गाणं’. इथे राडा विशेषण झालाय, आणि तेही न बदलणारं. ‘राडी एन्ट्री’ कोणी म्हणत नाही. आकारान्त असून लिंग घेत नाही, म्हणजे तो चांगला-चांगली या रांगेत न बसता मस्त, झकास, कडक यांच्या रांगेत जाऊन बसला.

आणि सर्वांत शेवटचं रूप म्हणजे नुसता ‘राडा!’ फोटोखाली, व्हिडिओखाली. ना कर्ता, ना क्रियापद.

सायली_प

मारामारीतून कौतुक येणं मराठीला नवीन नाही. ‘जबरी’ घ्या. कायद्यात जबरी चोरी म्हणजे धाक दाखवून, बळ वापरून केलेली चोरी, आणि तिकीटबारीबाहेर ‘जबरी पिक्चर’. ‘कहर’ म्हणजे कोप, आणि ‘काय कहर गायलीये!’ ‘तुफान’, ‘खतरनाक’ तेच. ‘भन्नाट’ हा आधी वाऱ्याचा शब्द, डोकं गरगरवणारा वारा. फार जुनं उदाहरण हवं तर ‘साहस’: धर्मशास्त्रात साहस हा गुन्हा आहे, बळजबरीनं केलेलं कृत्य. आज आपण मुलांना साहस शिबिराला पाठवतो.

पण मला जास्त भावते ती उलटी वाट. ‘गोंधळ’ म्हणजे देवीचा विधी. संबळ, तुणतुणं, दिवटी, चौक मांडणं, रात्रभर कथा. आज ‘काय गोंधळ घातलाय’ म्हणजे अव्यवस्था. ‘तमाशा’ ही कला, पण ‘तमाशा करू नकोस’ म्हणजे चारचौघांत शोभा करू नकोस. ‘दंगल’ अजून दोन्हीकडे आहे: कुस्त्यांची दंगल आणि शहरातली दंगल. ‘दिवटी’ गोंधळ्याच्या हातातली, आणि ‘कुळाचा दिवटा’ म्हणजे नाव घालवणारा पोरगा.

या सगळ्यांत खेळ आणि विधी आधी, अव्यवस्था नंतर. ‘राडा’ बरोबर उलट चाललाय, अव्यवस्था आधी आणि खेळ नंतर. आणि एक बघा, ‘गोंधळ घालणे’ हे विधीतलं क्रियापद होतं, ते अव्यवस्थेच्या अर्थातही टिकलं. ‘राडा घालणे’ त्याच्याच साच्यातून आलंय असं मला ठामपणे वाटतं. जागरण-गोंधळ घालतात, धिंगाणा घालतात, धुमाकूळ घालतात, हैदोस घालतात. चिखल मात्र कोणी ‘घालत’ नाही.

शब्दवेल्हाळ

सायलीताई, ‘घालणे’चा हा मुद्दा माझ्या साखळीतली सुटलेली कडी आहे. मनापासून आभार.

गिरणगावकर

विषय रुंदावतोय तर दोन शब्द माझेही.

सुपारी. बहुतेकांना हत्येची सुपारी तेवढी माहीत. पण नारायणगावला आजही गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, यात्रेची तारीख आणि रक्कम ठरते, विसार दिला जातो आणि त्या ठरण्याला ‘सुपारी’च म्हणतात. बँडवाला, ऑर्केस्ट्रा, निवेदक सगळे ‘सुपारी घेतली’ म्हणतात. लग्नात सुपारी फोडतात. मूळ अर्थ: बोलणं पक्कं झालं, आता मागे फिरायचं नाही. गुन्हेगारांनी हाच अर्थ उचलला, त्यात काही बदल केला नाही. बदललं ते काम.

झोल. कापडाला, दोरीला, पतंगाच्या मांज्याला येतो तो. ताणलेलं नाही, मधे लोंबतंय. मंडपवाला म्हणतो ‘पडद्याला झोल आलाय, ओढून घे.’ हिशेबातला झोल तोच: वरून सरळ दिसतं, मधे कुठेतरी जास्तीचं कापड लपलेलं असतं.

कृष्णाकाठ

मग ‘नाद’ही घ्या. नाद म्हणजे आवाज. मग नाद म्हणजे छंद, व्यसन: ‘त्याला बैलांचा नाद हाय.’ मग ‘माझ्या नादाला लागू नको’, म्हणजे वाटेला जाऊ नको. आणि कोल्हापुरात ‘नाद खुळा’ म्हणजे लाजवाब. चारही अर्थ एका पारावर एका संध्याकाळी ऐकायला मिळतात आणि कोणाचीही गल्लत होत नाही.

पाचवा_मजला

‘खोका’ राहिला. लाख म्हणजे पेटी, कोटी म्हणजे खोका, ही एके काळी चोरटी भाषा. २०२२ मध्ये ‘खोके’ विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणेत आले. ती घोषणा कळायला गावात कोणालाच कोश लागला नाही.

फौजदारीपेठ

चोरट्या भाषेचं काम तिथेच संपतं. सगळ्यांना कळलेला शब्द ती टोळी सोडून देते आणि नवा घडवते. म्हणून अशा शब्दांचे दाखले मिळेपर्यंत ते जुने झालेले असतात.

नोंदवही

परत राड्याकडे. ज्यांना हा किंवा दुसरा कोणताही बोलीतला शब्द हुडकायचा आहे त्यांच्यासाठी कामाची रीत लिहितो. चुका कुठे होतात तेही.

प्रत्येक दाखल्याला एक कार्ड. त्यावर पूर्ण वाक्य (नुसता शब्द नव्हे), तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं साधारण वय, आणि दाखला बोलण्यातला, छापील की टंकलेला. वाक्य तोडून लिहिलं की क्रियापद जातं, आणि क्रियापद गेलं की वर एवढं सगळं बोललो ते करता येत नाही.

लोकांना ‘राडा म्हणजे काय?’ असं विचारू नका. माणूस विचारात पडतो आणि मथळ्यातला अर्थ सांगून मोकळा होतो. त्याऐवजी गाळलेली जागा द्या: ‘पावसानं रस्त्यावर सगळा ____ झाला.’ साठीच्या आणि विशीच्या माणसांना तेच वाक्य द्या. फरक आपोआप दिसतो.

जुन्या कोशांत दोन नक्की बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७. आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, सात विभाग, १९३२ ते १९३८, नंतर पुरवणी. दोन कोशांत जवळपास शंभर वर्षांचं अंतर आहे. पण कोशात अर्थ नाही म्हणजे बोलीत नव्हता असं म्हणू नका. कोशकार प्रतिष्ठित मजकूर आधी बघतो, नाक्यावरचा शब्द त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतो.

संगणकावर शोधताना राडा, राडे, राड्या ही तिन्ही रूपं वेगवेगळी घाला, नाहीतर ‘राड्यात’, ‘राड्यानंतर’ हे सगळे दाखले सुटतात. शब्दाच्या आधी मोकळी जागा द्या. जुन्या छपाईच्या स्कॅनमध्ये यंत्र ‘राजा’ आणि ‘वाडा’ यांना ‘राडा’ वाचतं, म्हणून प्रत्येक दाखला मूळ पानावर डोळ्यांनी बघायचा. हिंदी-राजस्थानीचा राड़ शोधताना एक खोच: नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ड़ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो, एक अखंड अक्षर म्हणून आणि दुसरा ड अधिक वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्यांना सारखेच, पण काही शोधयंत्रांना वेगळे. दोन्हींनी शोधा.

आणि वर्तमानपत्रात अवतरणचिन्हांकडे लक्ष ठेवा. बोलीतला शब्द छापखान्यात पहिल्यांदा येतो तेव्हा संपादक त्याला चिमट्यात धरून ‘राडा’ असा छापतो. रुळला की चिमटा सुटतो. एकाच दैनिकाचे अंक लावून बघितले तर चिन्हं कधी गळाली ते सापडतं, आणि शब्द प्रमाण लेखनात कधी आला याचा याहून साधा पुरावा नाही.

अनुस्वार

नोंदवही, रीत आवडली. तुमच्या पुलाच्या वाक्यांच्या चाचणीला मी बांधील आहे. तोवर माझं म्हणणं थोडं मऊ करतो. चिखलाचा राडा मराठीच. त्याला गोंधळाचा अर्थ इथेच फुटला. मुंबईत राड़ आणि राड यांचा शेजार मिळाला म्हणून त्यातली मारामारीची बाजू जोमानं वाढली. एका रोपाला शेजारच्या वेलीचा आधार मिळावा तसं. दोन नोंदींचा आग्रह सोडतो, पण व्युत्पत्तीच्या कंसात ‘तुलना करा’ म्हणून राटि, राड़, राड हवेतच.

शब्दवेल्हाळ

मान्य. मग नोंदीचा मसुदा असा:

राडा (पु.): १. चिखल, शेण, कचरा यांची कालवाकालव, अनेकवचन नाही. अंगणात राडा झालाय. २. पसारा, नासधूस (करणे, घालणे). ३. दोन गटांतली चारचौघांतली मारामारी, मोडतोड, अ.व. राडे; राडेबाज, राडेबाजी. ४. (सैल वापर) जोरदार वाद, हात न उचलताही. ५. (तरुणांच्या बोलीत) गाजलेली, दणक्यात झालेली गोष्ट. न बदलणारं विशेषण म्हणूनही. राडा एन्ट्री. [तुलना: सं. राटि, राज. राड़, गुज. राड.] सामासिक: राडारोडा.

चौथा अर्थ मुद्दाम वेगळा काढलाय. टीव्हीवरच्या चर्चेत नुसती तोंडातोंडी झाली तरी हल्ली राडा म्हणतात. गिरणगावकरांच्या पायऱ्या तिथे पुसल्या जातात.

गिरणगावकर

पुसल्या जातातच, आणि त्याचं मला वाईट वाटतं. बाचाबाची, हमरीतुमरी हे शब्द त्यामुळे मागे पडतायत. चौथ्या अर्थाला उदाहरण देताना जोडीला ‘पाहा: बाचाबाची’ एवढं टाका.

तालीमघर

क्रमाबद्दल हरकत. आज कोश उघडणारा विशीतला वाचक तिसरा किंवा पाचवा अर्थ शोधायला येतो, आणि त्याला पहिल्यांदा शेण दिसतं. वापराच्या प्रमाणात क्रम लावला तर मारामारी पहिली हवी.

नोंदवही

शिकणाऱ्यांच्या कोशात तसा लावतात आणि तिथे तो योग्यच. पण इथे धागाच अर्थ कसा सरकला याचा आहे. क्रम उलटा केला तर साखळी तुटते.

कृष्णाकाठ

शेण पहिलंच राहू द्या. कोल्हापूरकडे ते आजही पहिलं आहे.

पाचवा_मजला

राडारोडा नुसता ‘सामासिक’ म्हणून शेवटी टाकू नका, त्याला स्वतःची नोंद द्या. बांधकामावर त्याचा अर्थ नेमका आहे: तोडलेल्या विटा, गिलावा, काँक्रीटचे तुकडे, फरशा, माती. ओला कचरा, लाकूडफाटा त्यात धरत नाहीत. २०१६ च्या बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याच्या नियमांनंतर तो घरच्या कचऱ्यापासून वेगळा ठेवावा लागतो. आणि मोजतात ब्रासमध्ये, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. मुंबईत त्याला डेब्रिज म्हणतात, पुण्यात राडारोडाच.

शब्दवेल्हाळ

म्हणजे राडा मोजता येत नाही, राडे नगावर मोजतात आणि राडारोडा ब्रासवर. स्वतंत्र नोंद करतो. ‘रोडा’ एकटा कोणी वापरतं का अजून? विटेचा तुकडा या अर्थी?

वऱ्हाडी_बोलीघर

एकटा नाही ऐकला. गवंड्यांना विचारून सांगतो. गाळलेली जागा देऊनच विचारीन.